अंगावरचा ६५०

मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमधला पॉवर सप्लाय बोलतोय. कॉम्प्युटरच्या आत कोपऱ्यात बसून सगळ्यांना वीज वाटणारा पत्र्याचा चौकोनी डबा, तोच मी. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत ६५० वॅट छापलेलं होतं. त्या आकड्यानं माझं डोकं पार फिरवलं.

माझा जन्म कुठं झाला, आठवत नाही. कुणीतरी स्टिकर चिकटवला आणि मी ६५० झालो. मला वाटलं, असेन बुवा!

सांगलीत फरदीनच्या दुकानात मी फळीवर धूळ खात पडलो होतो. एक दिवस संयोगिता आली, सोबत तिचे वडील हंबीरराव, कुपवाडला ओतकाम करणारे. साताऱ्याच्या एका इंजिनियरनं तिला बंगल्यांची थ्रीडी चित्रं करायचं पहिलंच काम दिलं होतं. त्यासाठी तिनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. शनिवारपर्यंत चित्रं गेली नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आता कार्डाला झेपेल आणि खिशालाही झेपेल असा पॉवर सप्लाय हवा होता. मोबाइलवर एक जण ५५० सांगे, दुसरा ७५०. बिचारी गोंधळून गेली होती, आणि तिचं ऐकून मीही.

फरदीननं एक नावाजलेला ५५० पुढे ठेवला. हंबीररावांनी तो एका तळहातावर घेतला, दुसऱ्यावर मला.

"ह्यो लय हलका हाय रं फरदीन. अन् ह्यो बघ, स्वस्तबी अन् वजनदारबी!"

"आवं काका, वजनावर जाऊ नका. त्यो साध्या कॉम्प्युटरसाठी ठेवलाय."

"तीस वर्सं ओतकाम करतुय मी. पोकळ माल हाताला कळतो."

संयोगिता काही बोलणार होती, पण वडिलांच्या हातावर तिचा फार विश्वास. त्यांनी मलाच घेतलं. मी तर फुगूनच गेलो.

घरी चित्र सुरू झालं आणि कार्डानं वीज मागितली. मी दिली. त्यानं आणखी मागितली. पत्रा तापेपर्यंत मी ओढून ओढून दिली, आणि फट्दिशी सगळं बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

"कार्डच खराब हाय," हंबीरराव म्हणाले. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? खोटा कोण, कार्ड, मी, का माझ्यावरचा आकडा? मलाच उमगेना.

शुक्रवारी सकाळी ती कार्ड परत करायला निघाली. तेवढ्यात हंबीररावांनी मला काढून सवयीनं कानाशी हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. त्यांचा चेहरा बदलला. ते दोघं मला घेऊन तडक सांगलीला गेले.

फरदीननं झाकण उघडलं. आत लोखंडाची जाड पट्टी, गोंदातून सुटलेली. वजनापुरती ठेवलेली! माझ्याच पोटात होती आणि मला पत्ता नव्हता.

"पोकळ माल कळतो गं मला," हंबीरराव हळूच म्हणाले. "असा भरलेला न्हाई कळला. चुकलं माझं."

त्यांनी तो ५५० घेतला, हातावर न तोलता. शनिवारी दुपारी चित्रं साताऱ्याला पोचली.

फरदीननं ती पट्टी काढून मला तपासलं, तर मी जेमतेम दोनशेचा निघालो. संयोगितानं स्टिकर खरवडून मार्करनं २०० लिहिलं आणि मला वर्कशॉपमधल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलं. तो मागतो तेवढी वीज मी देतो, अंग तापत नाही. माझं एवढंच मागणं आहे, की कुणाला कामाला जुंपण्याआधी त्याला झेपेल का ते बघा. आकडा तो स्वतः लिहीत नाही.

परवा साफसफाईला हंबीररावांनी मला बाहेर काढलं, तळहातावर घेतलं आणि हसले.

"हलका झालास की रं गड्या!"

व्हय, काका. लय हलकं वाटतंय.