सावकाश वर काढा

शरीरात विरघळणारा मॅग्नेशियमचा स्क्रू श्रुतीनं तयार केला होता. हाड जुळेपर्यंत तो टिकावा म्हणून त्याला पॉलिमरच्या द्रावात बुडवून लेप द्यायचा होता, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. मिठाच्या पाण्यात ठेवला, की लेपातल्या छिद्रांतून बुडबुडे सुटायचेच.

"म्याडम, सावकाश वर काढा की! घाईनं काढलं तर हवा आत ऱ्हाती," प्रयोगशाळेतले शिपाई यल्लाप्पामामा म्हणाले. त्यांची उमेदीची वर्षं फाउंड्रीत वाळूचे साचे रंगात बुडवण्यात गेली होती.

"ही फाउंड्री नाही, मामा! तुमच्या मळक्या हातांनीच लेप बिघडतोय," ती सगळ्यांदेखत ओरडली. आठवड्याभरात तिनं त्यांची बदली वसतिगृहाच्या फाटकावर करवली.

दोन वर्षांनी, २००८ साली, नवं यंत्र आलं. ते स्क्रू इतका हळू वर काढायचं, की बघणाऱ्याला जांभई यावी. महिनाभर एकही बुडबुडा सुटला नाही.

ती तडक फाटकावर गेली. "मामा, तुमचंच खरं होतं. चूक माझी होती."

मामांनी आपले भेगाळलेले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजे हात सोच्छ हुतं की माझं?" ते म्हणाले. "दोन वर्सं धुण्याच्या सोड्यानं घासतोय, म्याडम."