फाटकाकडे सरकणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. यात माझा दोष किती, हे तुम्हीच ठरवा. माझा जन्मच एक दुसरी खुर्ची मोडल्यामुळे झाला.

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे माले गाव आहे. तिथल्या साळूबाई एका साखरपुड्याला गेल्या होत्या. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. साळूबाई बसल्या आणि खुर्चीचे पाय चारही दिशांना फाकले. कुणी मोठ्यानं हसलं नाही; बायकांनी तोंडाला पदर लावले. साळूबाई न जेवताच घरी आल्या आणि मुलाला, किशोरला म्हणाल्या, "नथूला बोलव. हत्ती बसला तरी मोडायची न्हाई अशी खुर्ची पायजे मला."

नथू सुतार आला. हातातल्या टेपकडे आणि साळूबाईंकडे आळीपाळीनं पाहत म्हणाला, "मावशी, जरा खाली जमिनीवर बसा. मी कडंनं खडूची रेघ मारतो."

"खाली बसले तर उठवायला तुझा बा येनार हाय का?"

नथूनं मग डोळ्यांनीच माप घेतलं. गुरं विकल्यापासून गोठा रिकामा होता. त्याच्या ऐनाच्या लाकडाच्या तुळईतून त्यानं मला घडवलं. पाय जाड, बैठक रुंद, हात बाहेरच्या बाजूला झुकलेले. पडवीत ठेवल्यावर मी हलले नाही, हलवणारालाच धाप लागली.

पुढची काही वर्षं माझ्या मानाची होती. साळूबाई सकाळी माझ्यावर बसत त्या जेवणाची वेळ सोडली तर दिवे लागेपर्यंत. पुढं पुढं जेवणही माझ्यावरच होऊ लागलं. चहा माझ्याजवळ यायचा, निवडायची भाजी माझ्याजवळ यायची, भांडायला आलेली माणसंसुद्धा माझ्याजवळ यायची. लग्नकार्याला मी टेम्पोत बसून पुढं जायची. लोक म्हणायचे, सिंहासन आलं, आता बाई येतील. मला ते खूप आवडायचं.

एकच दिवस वाईट असायचा. त्या घरची रीत अशी, की भाताच्या लावणीची पहिली मूठ घरच्या मोठ्या बाईनं खाचरात उतरून लावायची. साळूबाईंचे गुडघे आणि वजन यांचं जमेनासं झाल्यावर सून शारदा रोपांची मूठ पडवीत आणू लागली. साळूबाई बसल्या बसल्या त्या मुठीला हात लावायच्या. मूठ घेऊन शारदा खाचराकडे गेली की साळूबाई दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

मग डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरल्याशिवाय गुडघ्यांना आराम नाही. साळूबाईंची साठी केव्हाच उलटली होती. घरी येऊन त्या किशोरला म्हणाल्या, "आता ह्या वयात काय उतरायचं? वर जायचं तेवढं राह्यलंय." सगळे हसले. विषय संपला असं मला वाटलं.

पण त्यानंतर घरात काहीतरी शिजू लागलं, आणि ते स्वयंपाकघरातलं नव्हतं.

आधी ताट बदललं. आमच्याकडे भात म्हणजे ताटातला डोंगर. त्याची वाटीभर मूद झाली. बाजूला उसळ, पालेभाजी आणि नाचणीची अर्धी भाकरी. शारदा ताट ठेवायची आणि लगेच आत निघून जायची. माझं मत असं, की ताट वाढून जो पाठ फिरवतो त्याच्यावर नजर ठेवावी.

मग माझा मागचा पाय कुरकुरायचा थांबला. साळूबाई बसताना तो नेहमी कुरकुरायचा. आवाज गेला म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण मला शंका आली. बाईंच्या कोपरांना माझे हात लागेनासे झाले. थोड्याच महिन्यांत नात आरोही त्यांच्या शेजारी दाटीवाटीनं बसू लागली. एकट्या माणसासाठी केलेल्या खुर्चीत दोघी मावतात, याचा अर्थ काय घ्यायचा?

शेवटी माझ्यावरच पाळी आली. शारदा सकाळी मला ओढत पडवीच्या कडेला नेऊ लागली. काही दिवसांनी पायरीखाली, मग अंगणात, मग फाटकाजवळ. हे करताना ती रस्त्याकडे पाहून घ्यायची. मी ओळखलं, हिला मला घराबाहेर काढायचं आहे. माझ्यानंतर कुणाला, हेही मी ओळखलं.

असा विचार करणारी मी एकटी नव्हते. आमच्याकडे माणूस उतारवयात बारीक झालं की आधी रोग शोधतात आणि रोग सापडला नाही तर सून. शेजारच्या चंद्राबाई आल्या, पदराआडून डिंकाचे लाडू काढून म्हणाल्या, "खा गं साळे. ती आत हाय तवर खा."

"मला भूक न्हाई."

"भूक न्हाई का सोय न्हाई? गळ्याचं कातडं बघ कसं लोंबतंय."

"चांगली हाय मी."

"चांगली मानसं अशी वाळत न्हाईत."

साळूबाईंनी लाडू घेतले, पण चंद्राबाई गेल्यावर ते मोत्या कुत्र्यापुढं टाकले. मला वाटलं, बाईंना खायचीही भीती बसली आहे.

मग एका सकाळी शारदानं मला फाटकाबाहेर, थेट रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. ताम्हिणीकडे फिरायला जाणाऱ्या गाड्या माझ्या अंगावर धूळ उडवून जात होत्या. चंद्राबाईंनी ते पाहिलं आणि साळूबाईंच्या मुलीला, पुण्यात नोकरी करणाऱ्या गौतमीला फोन लावला. "पोरी, तुझ्या आईची खुर्ची रस्त्यावर आली. आता आई यायची राह्यली."

गौतमी दुपारच्या आत आली. मी रिकामी होते. चंद्राबाई माझ्या एका बाजूला उभ्या होत्या, शारदा दुसऱ्या.

"वहिनी, आई कुठे आहे?"

"पुलापतुर गेल्यात. येतीलच."

"पुलापर्यंत? चालत?"

"ऐका," चंद्राबाई म्हणाल्या. "पायरी उतरवत न्हवती तिला, आन म्हनं पुलापतुर."

गौतमीनं आवाज चढवला नाही. तिचा आवाज आणखी खाली गेला. "तिचं वजन एवढं कशानं उतरलं? तपासण्या केल्या का? खरं सांगा."

"सगळ्या केल्यात, ताई. साखरबी आटोक्यात आली. बाकी आत्याबाईंनाच इचारा. मला त्यांनी बोलू नको म्हनून शपथ घातलीय."

मला ते उत्तर मुळीच पटलं नाही. ज्याला काही लपवायचं असतं त्याला शपथ फार उपयोगी पडते.

तेवढ्यात वळणावर साळूबाई दिसल्या. हातात काठी होती, पण ती मोत्याला हाकलण्यापुरती. त्या आमच्यापाशी येऊन थांबल्या. बसल्या नाहीत.

"कोन मेलंय? सभा कशाला भरलीय?"

"आई, खुर्ची रस्त्यावर कुणी ठेवली?"

"मी. म्हंजी उचलली शारदीनं, सांगितलं मी. खुर्ची जवळ असली की बूड टेकतं. लांब असली की पाय उचलावं लागत्यात. म्हनून रोज रातच्याला आत सांगते, न्हे अजून पुढं."

"आणि जेवण?"

"डॉक्टरनं सांगितलं तसं. पहिल्यांदा लई जीव जायचा. भाताचा वास आला की रडू यायचं. ही ताट ठेवून आत पळायची, तिला बघवायचं न्हाई." त्यांनी काठी फाटकाला टेकवली. "मला लावनीला खाचरात उतरायचंय, गौते. पहिली मूठ माझ्या पायावर उभी राहून लावायचीय."

"मग सांगायचं ना आम्हाला."

"सांगितलं असतं आन जमलं नसतं, तर? समदी हसली असती."

"मी कवा हसले?" चंद्राबाई म्हणाल्या.

"तूच पहिली."

"आन माझे लाडू?"

"मोत्याला इचार. कसा फुगलाय बघ."

तरीही माझी खात्री पटली नव्हती. आषाढात गौतमीच्या आग्रहावरून किशोरनं मला खाचराच्या बांधावर नेऊन ठेवलं. आई दमली तर बसेल, असं ती म्हणाली. मीही तेच धरून चालले होते. साळूबाईंनी लुगडं खोचलं. शारदानं दंड धरला होता, तो त्यांनी सोडवला. पोटऱ्यांपर्यंत पाय चिखलात गेले. त्या वाकल्या, डाव्या हातात मूठ, उजव्या हातानं रोप दाबलं. मग दुसरं. गुडघा थरथरला तेव्हा गौतमी पुढं झाली. साळूबाई मान न वळवता म्हणाल्या, "तितंच थांब." त्या अख्खी मूठ लावून सरळ उभ्या राहिल्या आणि शारदाकडे हात पसरला, आणखी रोपांसाठी.

त्या दिवशी त्या बायकांबरोबर पलीकडच्या बांधावरून गप्पा मारत घरी गेल्या. माझी आठवण कुणालाच राहिली नाही. मी पावसात राहिले, फुगले, सांध्यात शेवाळ धरलं. पुढं पडवीच्या कोपऱ्यात माझ्यावर कांद्याची पाटी आली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वाईट मात्र वाटलं.

साळूबाईंना त्यानंतर आणखी एक लावणी मिळाली. दिवाळीनंतर एका सकाळी त्या फिरून आल्या, पाणी प्यायल्या, भिंतीला टेकल्या आणि गेल्या. दहाव्याला बायका शारदाकडे तिरक्या डोळ्यांनी पाहून कुजबुजत होत्या, "वाळत गेली न् संपली. आमी म्हनतच व्हतो." गौतमी उठून शारदाच्या शेजारी जाऊन बसली. एवढंच. कुजबुज थांबली.

आता चंद्राबाईंचेही गुडघे गेले आहेत. परवा त्यांनी निरोप पाठवला, खुर्ची पडून हाय तर मला द्या. शारदानं मला घासलं, तेल लावलं, किशोरच्या मदतीनं त्यांच्या अंगणात आणलं आणि दारापासून लांब, आंब्याखाली ठेवलं.

"अगं, येवढ्या लांब? हितं दारात ठेव की."

"न्हाई, काकू. तुमीच या."

चंद्राबाई उंबऱ्यात उभ्या राहून शारदाकडे पाहत आहेत, मग माझ्याकडे. नजर भरवशाची नाही. माझीही नाही. पण त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या अलीकडे आला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला चांगली जागा द्या. आम्हा खुर्च्यांनाही पुसूनझाडून ठेवा. पण त्या माणसांतलं कुणी उठायला धडपडत असेल, तर मायेनं खुर्ची जवळ ओढू नका. तिथंच उभे राहा आणि ते येईपर्यंत वाट पाहा.