नियमसरांना न्यायला कोण येणार

कॉलेजचं पाळणाघर बंद करून तिथे कॉलेजच्या इतिहासाचं दालन उभारायचं जवळजवळ ठरलं होतं. इतिहास फारसा नव्हता. एक पितळी घंटा होती आणि एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर एक थोर पाहुणे बसणार होते, पण त्यांना घाई होती. तरी दालन हवंच, असं उपप्राचार्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांचं म्हणणं टाइप होऊनच तोंडाबाहेर पडायचं. अख्खं कॉलेज त्यांना नियमसर म्हणायचं. त्यांनी आयुष्यात कुणाला सवलत दिली नव्हती. स्वतःलाही नाही. एकदा ओळखपत्र घरी राहिलं म्हणून त्यांनी स्वतःलाच फाटकातून परत पाठवलं होतं.

या बातमीनं काकूचा जीव टांगणीला लागला होता. ती तशी कुणाची काकू नव्हती. अंतिम वर्षाच्या वर्गात बाकीची पोरं विशीतली आणि ही एकटी तिशीला टेकलेली, म्हणून ते नाव चिकटलं. कॉलेज तिनं आधी दोनदा सोडलं होतं. नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. घरी असला की झोपलेला असायचा, आणि अडीच वर्षांच्या गुंडूला झोपलेल्या माणसावर उभं राहायला फार आवडायचं. पाळणाघर बंद झालं की तिसऱ्यांदा कॉलेज सुटणार, आणि चौथ्यांदा येण्याइतकी उमेद आपल्यात उरलेली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पालकांनी आळीपाळीनं एकेक दुपार मदतीला थांबायचं, अशी तिथली पद्धत. समिती पाहणीला आली त्या दुपारी पाळी काकूची होती. ती भाषण पाठ करून आली होती. त्यात ‘राष्ट्र’ हा शब्द दोनदा होता. पण समिती दारात उभी राहिली तेव्हा काकूच्या एका हातात ओली चड्डी होती आणि दुसऱ्या हातात तिचा मालक. अशा अवस्थेत राष्ट्राचा विषय काढता येत नाही.

समितीत तिघं होते: प्राचार्यबाई, हिशेबनीस आणि नियमसर. पाळणाघराच्या मावशींनी त्यांना चपला-बूट काढायला लावले आणि पिशव्या खुंट्यांना अडकवल्या. प्रत्येक खुंटीवर एक चित्र होतं. प्राचार्यबाईंना गोगलगाय मिळाली. नियमसरांनी टेप काढून भिंत मोजली, घंटा कुठे टांगायची ते हवेत दाखवलं, आणि तिघं निघाले.

दाराशी गुडघ्याएवढं लाकडी फाटक होतं. मावशी त्याच्या आड उभ्या राहिल्या.

“न्यायला कोण येणार?”

“कुणाला न्यायला?” हिशेबनीसांनी विचारलं.

“तुम्हाला. आत आलेल्याला ओळखीचं माणूस आल्याशिवाय सोडायचं नाही. आणि आत आलेल्यानं ते माणूस स्वतः ओळखलं पाहिजे.”

“अहो मावशी, तो नियम मुलांसाठी आहे,” प्राचार्यबाई म्हणाल्या.

“मीही हेच म्हटलं होतं. सर म्हणाले, नियमाला वय नसतं.”

सगळ्यांनी नियमसरांकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. मागे एका पोराला चुकीचा काका घेऊन गेला होता. दोघंही मजेत होते, काकाला तर संध्याकाळपर्यंत पत्ताच नव्हता. पण नियमसरांनी त्याच आठवड्यात नियम केला.

नियमसरांचा चेहरा पडला. फाटक ओलांडायला एक ढांग पुरली असती.

“मावशींचं बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि खाली सतरंजीवर बसले.

प्राचार्यबाईंनी मुकाट्यानं नवऱ्याला फोन लावला. “अहो, मला घ्यायला या. नाही, गाडी ठीक आहे. मला सोडत नाहीयेत. कोण म्हणजे? मावशी.” नवरा आला. मावशींनी विचारलं, “हे कोण?” बाई म्हणाल्या, “आमचे हे.” तेवढ्यावर सुटका झाली. जाताना बाईंनी नियमसरांना सांगितलं, “अहवाल तुम्हीच लिहा. तुम्ही लिहाल त्यावर मी सही करते.” आणि नवऱ्याचा दंड धरून त्या भराभरा निघाल्या, न जाणो मावशींना आणखी काही आठवायचं.

हिशेबनीसांची मुलगी त्याच कॉलेजात शिकत होती. ती हसतच आली.

“माझंही मत सरांच्याच पाठोपाठ,” बूट घालता घालता हिशेबनीस म्हणाले. “बाळ, जाता जाता सरांनाही ने की.”

“ते मला ओळखत नाहीत, बाबा. माझी हजेरी कमी भरली तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, आपण कोण?”

“कॉलेजच्या प्रत्येक गोष्टीची ओळख ठेवणं शक्य नाही,” नियमसर सतरंजीवरून म्हणाले.

मग मुलांचे पालक येऊ लागले. एकेक पोर आईकडे, आजोबांकडे धावलं, ओळख पटली, फाटक उघडलं, मिटलं. नियमसर दर वेळी मान वर करून पाहत होते.

“तुमच्याकडे कुणी नाही का, सर?” काकूनं चटया गुंडाळत विचारलं.

“बहीण आहे. परगावी असते. शेजारी आहेत, पण त्यांच्याविरुद्ध मी तक्रार केली आहे.”

“एकच?”

“शेजारी एकच. तक्रारी बऱ्याच आहेत.”

शेवटी दोघंच उरले: गुंडू आणि नियमसर. आई समोर असली तरी तिचं काम आटोपेपर्यंत गुंडू आतलाच धरला जायचा. तो सरांच्या शेजारी मांडी घालून बसला. अर्धं चोखलेलं बिस्कीट त्यानं पुढे केलं. सरांनी ते घेतलं, कारण नाही म्हणण्याबाबत नियम नव्हता.

“तुझी आई कधी येणार?” गुंडूनं विचारलं.

“ती नाही येणार, बाळा.”

“येते,” गुंडू जाणकारासारखा म्हणाला. “उशिरा येते. लडायचं नाही.”

नियमसरांनी दोन विषयांत एम. ए. केलं होतं. ते बिस्कीट पाहत राहिले.

काकूनं हात पुसले. भाषणातलं एकही वाक्य तिला आठवेना, आणि आठवलं असतं तरी ते सतरंजीवर बसलेल्या माणसाला ऐकवण्यासारखं नव्हतं.

“मावशी, गुंडूला नेते. आणि सरांनाही.”

मावशी सरांकडे वळल्या. “या कोण?”

“या... इथे कामाला असतात.”

“चूक,” मावशी म्हणाल्या. “नाही सोडता येणार.”

सरांनी काकूकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

“मी तुमच्या वर्गात असते, सर. दुसरा बाक, खिडकीकडचा.”

“कधीपासून?”

“तसं बघितलं तर बारा वर्षं. मधे दोनदा सोडलं. एकदा लग्न झालं तेव्हा, एकदा हा झाला तेव्हा.”

“या वर्षी मात्र त्या बाकाची हजेरी पूर्ण आहे.”

“हा इथे असतो म्हणून. तुमचं दालन झालं की परत सोडेन. मग पुढच्या वेळी तुम्हाला ओळखायचा त्रास नाही.”

ती हे अगदी साधेपणानं बोलली. मग उगाच गुंडूचं नाक पुसू लागली. नाक कोरडं होतं. गुंडूनं खालमानेनं सोसलं.

नियमसरांनी हातातलं बिस्कीट खिशात ठेवलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“मावशी, या माझ्या विद्यार्थिनी आहेत. अंतिम वर्ष.”

“नक्की ना?”

“नक्की. यंदा पास होतील. व्हायलाच पाहिजेत.”

फाटक उघडलं.

“रस्त्यापर्यंत हात धरून न्यायचं,” मावशींनी बजावलं. तोही नियम होता, आणि तोही सरांचाच. तेव्हा काकूच्या एका हाताला गुंडू आणि दुसऱ्या हाताला उपप्राचार्य, अशी ती तिघं कॉलेजचं आवार ओलांडू लागली. कट्ट्यावरची पोरं बोलायची थांबली. एकानं सवयीनं “नमस्कार सर” म्हटलं आणि नेमका कुणाला केला या विचारात पडला.

“अहवाल आजच लिहितो,” नियमसर समोर पाहत म्हणाले. “पाळणाघर राहील. खुर्ची जिन्याखाली मावेल. मोजली आहे मी.”

काकूनं नुसती मान हलवली. बोलली असती तर रडली असती, आणि दोन्ही हात गुंतलेले होते.

रस्ता आला. सरांनी हात सोडवून घेतला, कोट सारखा केला.

“उद्या सकाळी माझा पहिला तास आहे. उशीर चालणार नाही.” ते दोन पावलं गेले आणि थांबले. “याला आत सोडून या. दहा मिनिटं चालतील.”

“दहा?”

“पाच.”

“सर, हा बूट काढायलाच पाच घेतो.”

नियमसरांनी गुंडूच्या बुटांकडे पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

“सात,” ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.