घामोळं

रखमी म्हातारी दारात आडवी बसली होती. आत तिच्या सुनेची, मैनाची, आठ दिवसांची पोर कण्हत होती.

"आत पाय टाकायचा नाय, सिस्टर. देवी आलीय घरात. सुई नाय, औशद नाय."

शेणवे गावाच्या पलीकडच्या या पाड्यावर मी सात वर्षं बाळंतपणं करत होते आणि म्हातारीचं नि माझं एक दिवसही पटलं नव्हतं. मी तिला ओलांडून आत शिरले. पोरीच्या अंगभर पाण्यानं भरलेले फोड होते. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता, ओठ निळसर झाले होते. कांजिण्या! मोठ्या मुलांना त्या चार दिवस खाज आणून सोडतात, पण इतक्या कोवळ्या जिवाच्या फुफ्फुसात उतरतात.

मैनाच्या अंगावर खपल्या धरल्या होत्या. म्हणजे बाळंतपणाच्या वेळीच तिला कांजिण्या निघाल्या होत्या. तेव्हाच कळलं असतं तर पोरीला लगेच ठाण्याला पाठवून बचावाचं इंजेक्शन देता आलं असतं. माझं डोकंच फिरलं.

"अंगावर फोड होते, मग तोंड शिवून का बसलीस? देवीच्या नावानं पोर मारताय तुम्ही!"

मैनानं मान वर केली. "दाखवलं व्हतं तुमाला. पोटावर. तुमी म्हनलात, घामोळं हाय, पावडर लाव."

मला आठवलं. एप्रिलचा उकाडा, मी केलेलं त्या दिवसाचं तिसरं बाळंतपण, आणि तिच्या पोटावरच्या चार लाल पुटकुळ्या. मी वाकून पाहिलंसुद्धा नव्हतं. मला माझीच किळस आली.

पोर उचलायला हात पुढे केला तर रखमीनं मनगट धरलं. "देवीनं दिली, देवी न्हेईल. तुमी मधे पडलात तर घर बसंल आमचं."

भांडून उपयोग नव्हता, सात वर्षं तेच केलं होतं. मी म्हटलं, "यात देवीचं काही नाही. चूक माझी आहे. मैनानं दाखवलं, मी बघितलं नाही."

म्हातारीनं मनगट सोडलं नाही. "सगल्यांसमोर बोल."

अंगणात बायका जमल्या होत्या. मी बाहेर जाऊन तेच मोठ्यानं बोलले. एकजण माझ्या पायाशी थुंकली. हे आरोग्य केंद्राच्या साहेबांच्या कानावर जाणार आणि माझ्या नोकरीवर येणार, हे मला दिसत होतं.

रखमीनं पोर आणून माझ्या हातात दिली. "मानसाची चूक हाय तर औशद चालंल. आता तूच निस्तर."

मला फेरीसाठी घेऊन आलेली सरकारी जीप रस्त्यावर उभीच होती; मैना आणि रखमीही चढल्या. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पोरीला ऑक्सिजन लावला, विषाणूवरचं औषध शिरेतून सुरू झालं. न्यूमोनिया पसरलाय, दोन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रखमी काचेबाहेर माझ्याकडे पाठ करून बसली. मी आणलेला चहा तिनं मोरीत ओतला.

सातव्या दिवशी पोर पुन्हा आईचं दूध प्याली. मी तिथेच सगळ्यांदेखत रडले. म्हातारी उठून माझ्याजवळ आली. आता तरी काही बरं बोलेल, असं वाटलं.

"जगली," ती म्हणाली. "आता आमच्या दारात परत येऊ नको."