तुळसाबाईंच्या विहिरीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. जरा दुरूनच बघा. हात न धुता मला कोणी धरलेले खपत नाही, आणि तुम्ही ते धुतले असतील यावर माझा फारसा विश्वास नाही.

संशय मला जन्मापासूनच चिकटला. मंगरूळपीरच्या भांड्यांच्या दुकानात तुळसाबाईंच्या वडिलांनी मला पुन्हा पुन्हा वाजवून, पाणी भरून, उलटा धरून पाहिले. थेंब गळला नाही, तेव्हा कुठे लेकीचे आंदण म्हणून मी किन्हीराजाला तिच्या सासरी आलो.

लग्नानंतर तुळसाबाई आणि जगदेवभाऊंनी शेतात विहीर खोदली. मातीच्या टोपल्या तुळसाबाईंनी स्वतः वाहिल्या. तेव्हापासून परगावी जाताना त्या त्याच विहिरीचे पाणी माझ्यात भरत आणि दुसरे तोंडाला लावत नसत. लग्नकार्यात लोक माझी चकाकी पाहून कौतुक करीत. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

लेक निकिता ऑस्ट्रेलियात नोकरीला गेली, तेव्हा तुळसाबाईंनी मला चिंचेने घासून पुन्हा बाहेर काढले. तिच्याकडे जाताना सिंगापूरला विमान बदलावे लागते आणि मध्ये अख्खा दिवस मोकळा मिळतो. यंदाची ही तिसरी खेप. बेटावरचे ते शहर दोघांना आता वाशीमच्या बाजाराइतके ओळखीचे झाले आहे. फुलवाल्यांच्या गल्लीत तुळसाबाई गजरा घेतात, मग समुद्राकाठच्या ठरलेल्या झाडाखाली दोघे शिदोरी सोडून निवांत बसतात.

पण एक गोष्ट तुळसाबाईंना ठाऊक नव्हती. आपल्याकडच्या विमानतळावर तपासणीवाला चोराकडे पाहावे तसा माझ्याकडे पाहतो आणि मला रिकामा करायला लावतो. बायकांची रांग वेगळी असते. तुळसाबाई येण्याआधीच जगदेवभाऊ मला नळावर भरून घेत. मग झाडाखाली बसून त्या म्हणत, "आपल्या इहिरीच्या पाण्याची गोडीच न्यारी!" हे एक दिवस उघडे पडणार, अशी शंका मला होतीच.

यंदा निघण्याच्या सुमारास विहिरीचा गाळ काढणे चालू होते. झाडाखाली तुळसाबाईंनी पेल्यात पाणी ओतले आणि त्यांचा हात थांबला.

"निकिताचे बाबा, म्या सोताच्या हातानं गढूळ पाणी भरलं होतं. हे येवढं नितळ कसं झालं?"

"तुरटी फिरवली," जगदेवभाऊ म्हणाले.

"कवा? इमानात?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग त्यांना सगळ्याचाच संशय येऊ लागला. "हे तूप तरी घरचंच हाय का? आतापावतर काय काय लपवलं माह्यापासून?" जगदेवभाऊंनी विकतची बाटली पुढे केली, तर त्यांनी तोंड फिरवले. ऊन चढले, हवा दमट झाली, तुळसाबाईंचे ओठ सुकले. त्या थेंबभर पाणी घेईनात. आता हा माणूस आणखी एक थाप मारणार, असे मला वाटत होते आणि मी मनातून त्यांच्यावर चिडलो होतो.

दुपारी उठताना तुळसाबाईंना भोवळ आली. जगदेवभाऊंनी त्यांना सावरून बसवले. मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले,

"नळाचं हाय. तिन्ही खेपा नळाचंच पाजलं. घरचं पाणी तिथं सांडून टाका लागते. तुले सांगितलं असतं त तू अशीच तहानेली राह्यली असती."

दम घेऊन तुळसाबाई उठल्या, मला उचलले आणि जवळच्या नळावर नेले. आतले पाणी ओतून टाकले, मला विसळले, काठोकाठ भरले. आता हे पाणी नवऱ्याच्या डोक्यावर पडते, अशी माझी खात्री होती. त्यांनी मला जगदेवभाऊंच्या हातात दिले.

"घ्या. आपल्या इहिरीचं हाय. प्या."

जगदेवभाऊ मान खाली घालून प्यायले. "गोड हाय," ते हळूच म्हणाले. मग तुळसाबाईंनी मला तोंडाला लावले आणि गटागटा अर्धा रिकामा केला. त्या हसतच होत्या, त्यामुळे थोडे पाणी गजऱ्यावरही सांडले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्याला अधूनमधून चिंच लावत जा. झाकण वाकडे फिरवू नका, आटे झिजतात. आणि आपल्या माणसाचा संशय आला तर तो पोटात ठेवू नका, विचारून टाका. माझ्या पोटातले पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी शिळे होते.