शुवीच्या आईची तीनचाकी

मित्रांनो, सध्या मला कोंबड्यांचं खुराडं म्हणतात. म्हणू देत बापडे. पण मी एक जुनी तीनचाकी गाडी आहे. उन्हावर भरलेल्या बॅटरीवर धावणारी, सावे नदीच्या अलीकडच्या या गावात आलेली पहिली. माझी मागची दोन चाकं आज शेजारच्या बैलगाडीला आहेत आणि माझ्या पाठीवर एक तांबडी कोंबडी अंडी उबवते.

मी पेटाऱ्यांतून सुटी सुटी आले. गावाबाहेर पत्र्याच्या खोलीवर काळ्या काचा बसवल्या होत्या. त्या दिवसभर ऊन पीत आणि खाली बॅटऱ्या भरत. बायका त्या खोलीला सूर्याचं घर म्हणायच्या. तिथेच मला जोडलं आणि पाच जणींच्या गटाच्या हवाली केलं. हँडल हाती आलं ते शुवीच्या आईच्या. पहिल्याच दिवशी तिने मला थेट भोपळ्याच्या वेलात घातलं. "अगं, गाडी आहे ती, रेडा नाही, कान काय पिळतेस!" म्हणत बाकीच्या चौघी पोट धरधरून हसल्या.

मग मात्र मी कामाला लागले. त्याआधी बायका डोक्यावर टोमॅटोच्या टोपल्या घेऊन बाजाराला जायच्या आणि पोचेपर्यंत निम्मा माल पिचायचा. मी टोमॅटो नेले, दुधाचे कॅन नेले, गिरणीला मका नेला. अडलेल्या बायका दवाखान्यात नेल्या. दवाखाना टेकडीपलीकडे आहे. आवाज न करता चढ चढते म्हणून म्हाताऱ्या माझ्या पाठीवर थाप मारायच्या. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार मिरवावंसं वाटायचं.

आमच्याकडे थंडीत गुती येते. गुती म्हणजे दिवसचे दिवस पडणारी बारीक भुरभुर. ऊन नसलं की सूर्याचं घरही उपाशी. म्हणून गटाने ठरवलं होतं की गुतीच्या दिवसांत भरलेली शेवटची बॅटरी माझ्या पोटात राहील, आणि ती फक्त अडल्यानडल्यासाठी.

त्या वर्षी गुती आली तेव्हा शुवी, म्हणजे शुविराई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्या रीतीप्रमाणे जावयाने तिच्यासोबत भेट म्हणून बकऱ्याही आणून बांधल्या होत्या. एका सकाळी शुवीला कळा सुरू झाल्या. आता आमच्याकडे कळा लागल्याचं बाहेर कुणाला सांगत नाहीत. वाईट नजर लागते आणि मूल आत अडतं, असं मानतात. शुवीच्या आईने झोपडीचं दार लोटलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात ती अंगण झाडायला लागली.

नेमका तेव्हाच गावातला गारीकाई आला. त्याचे चुलते आदल्या दिवशी वारले होते. सगळं गाव तिथे जमलेलं, आणि दिव्यांना नि कर्ण्याला वीज नव्हती.

"काकू, बॅटरी पाहिजे होती. कुठं निघाली होतीस का?"

आतून शुवीचा दबका आवाज आला. शुवीची आई मोठ्याने खोकली.

"छे रे! मक्याची एक गोणी न्यायची होती गिरणीला. उद्या नेईन."

"मग नेऊ ना?"

मयताच्या घरच्यांना नाही म्हणायचं नसतं. म्हणायचंच तर कारण सांगावं लागलं असतं. तिने एकदा दाराकडे पाहिलं. पहिलटकरीण आहे, उद्यापर्यंत वेळ आहे, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

"ने बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्याने माझ्या पोटातून बॅटरी काढली आणि मी नुसतं लोखंड होऊन दारात उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बाळ अजून अडलेलंच होतं आणि शुवीचं रक्त थांबत नव्हतं. तिची आई मयताच्या घरी धावली. तिथे सुना आमच्या रीतीप्रमाणे मेलेल्या म्हाताऱ्याची नक्कल करून लोकांना हसवत होत्या.

"बॅटरी दे," ती म्हणाली.

"काय गं काकू, मका पळून चालला काय?" गारीकाई हसला. "थांब, पोचवायला चार पोरं देतो."

"नको नको. गिरणीला रांग लागेल, मी जाते."

तेव्हाही बोलली नाही हो! बोलली असती तर सगळं गाव उठलं असतं.

बॅटरीत फारसं काही उरलं नव्हतं. शुवीला पाठीवर घेऊन मी निघाले. टेकडीच्या मध्यावर माझा जीव गेला. आई उतरली आणि मला ढकलायला लागली. चिखलात तिचे पाय घसरत होते, मी जागची हलत नव्हते. मागून शुवी म्हणाली, "आई, हाक मार गं कुणाला तरी."

मग ती ओरडली. अशी ओरडली, की खाली नक्कल करणाऱ्या सुना गप्प झाल्या. सगळे धावत आले. मयताला आलेल्या त्या माणसांनी मला दवाखान्याच्या दारापर्यंत ढकलत नेलं. पण शुवी माझ्या पाठीवरच गेली. बाळ पोटातच गेलं.

त्यानंतर गाडीच अपशकुनी असं ठरलं. कुणी म्हणालं बॅटरी खोटी, कुणी म्हणालं काचा खोट्या. मला कुणी पुसलं नाही की हलवलं नाही. आधी चाकं गेली, मग दिवा, मग मोटर. माझे हाल कुत्रं खात नव्हतं. शुवीच्या आईनेही पुन्हा हँडल धरलं नाही. ती रोज येते, अंडी गोळा करते, आणि शुवी निजली होती त्या पत्र्यावर हात फिरवून जाते.

यंदा पुन्हा गुती आली. आता शेजारणीच्या दारात नवी गाडी आहे. परवा तिच्याकडे एक जण देवळातल्या गाण्यासाठी बॅटरी मागायला आला. "ने की, मकाच तर न्यायचा होता," असं शेजारीण म्हणाली आणि मोठ्याने खोकली.

शुवीची आई अंडी गोळा करत होती. ती ताठ उभी राहिली.

"मका नाहीये तो! सून अडलीय तिची! बॅटरी ठेव खाली!"

"मेले, गप्प बस! लोक ऐकतील!"

"ऐकू देत! अरे या रे सगळे, गाडी ढकलायला लागेल!"

"आपलं पोर खाल्लंस, आता माझ्या नातवाला नजर लावतेस?"

तोवर लोक जमले होते. गाडी निघाली, मागून दहाबारा माणसं चालली.

मित्रांनो, मी आता धावणार नाही. माझी कीव करू नका. पण तुमच्या दारात गाडी असेल, तर तिच्या पोटातली वीज कुणासाठी राखलीय ते चारचौघांत मोठ्याने सांगा. आमच्यासारख्या गाड्यांना माणसाच्या मनातलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी गाडी परत आली. आमच्या अंगणासमोर येताच शेजारणीने बाळाचं तोंड फडक्याने झाकलं, शुवीच्या आईची नजर पडू नये म्हणून.

फडक्याआडून बाळ रडलं.

"रडतंय ना?" शुवीची आई माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली. "मग झाकू दे."