काटा न बघता

"काटा कुठं आलाय, मुंजाजी?"

पूर्णा नदीवरच्या रेल्वेपुलाचा खांब एका हातानं धरून कासमभाई पाण्यातून विचारत होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर मुंबईच्या गोदीतून आलेला हा पाणबुड्या. पुरानं खांबाखालचा पाया उकरला होता, तो चाचपायला रेल्वेनं त्याला आणलं होतं. छातीवर रबरी पिशवी, कमरेमागं प्राणवायूचं नळकांडं. सोडलेला श्वास पिशवीतल्या भुकटीतून साफ होऊन पुन्हा त्यालाच मिळायचा आणि नळकांड्यातून त्यात थोडी थोडी भर पडायची. नळकांड्यात किती उरलंय ते दाखवणारं मीटर मात्र पाठीमागं होतं. त्याला स्वतःला ते दिसायचं नाही. म्हणून तराफ्यावर मुंजाजी. कासमभाई वर आला की काटा बघायचा, तांबड्या रेघेजवळ असेल तर पुन्हा खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

जन्मभर रुळाखाली खडी ठोकणारा मुंजाजी या कामानं ताठ मानेनं चालू लागला होता. "एका मानसाचा श्वास माज्या डोळ्यावर चालायलाय," असं तो पोखर्णीला जाऊन सासऱ्याला सांगून आला होता. सासरा आश्रुबा तेच बघायला आज आला होता. मुंजाजीची बायको धुरपताबाई आणि गावची चार माणसं घेऊन तो काठावर उभा होता आणि नेमका त्याच घटकेला हात वर करून जावयाला खुणावत होता.

मुंजाजीनं फेट्याचा शेव सारखा केला, काठाकडं बघून हात हलवला आणि तोंड काठाकडंच ठेवून म्हणाला, "हाय, लय हाय. जावा बिनघोर."

कासमभाई खाली गेला.

या यंत्रातून बुडबुडे वर येत नसत. खालचं काय कळायचं ते दोरीवरून. मुंजाजीनं दोरीला हिसका दिला. खालून उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. दोरी ओल्या चिंधीसारखी लोंबत राहिली. मग तो ओरडला, ओव्हरसियर दिनकरराव धावले आणि दोघांनी मिळून कासमभाईला तराफ्यावर ओढून घेतलं. ओठ जांभळासारखे झाले होते. मुंजाजी त्याच्या पाठीवर दाबत राहिला, दाबतच राहिला, तेव्हा कुठं कासमभाईच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि छाती हलली.

"काटा बघितला होतास ना?" दिनकररावांनी विचारलं.

"बघितला होता, साहेब."

"मग यंत्रच दगाबाज. तू होतास म्हणून माणूस वाचला."

काठावर माणसांनी मुंजाजीला खांद्यावर घेतलं. आश्रुबानं त्याच्या कपाळाला बुक्का लावला. मुंजाजी खाली मान घालून उभा राहिला. लोकांना तो विनय वाटला.

दिवस कलताना तो कासमभाईच्या तंबूवर गेला. कासमभाई बाजेवर बसून होता. श्वासाबरोबर छातीत घरघर वाजत होती.

"यंत्र बिघडलं होतं, असं मी साहेबाला सांगितलंय," तो म्हणाला.

"बिघडलंच आसंल," मुंजाजी पुटपुटला.

"नाही. अंगावरून उतरवताना मी मीटर बघितलं. काचेवर आधीच्या खेपेचा गाळ घट्ट चिकटून बसला होता. पुसल्याशिवाय कुणालाच काटा दिसला नसता. आणि त्यावर बोटाची एक रेघ नव्हती." कासमभाई श्वासासाठी थांबला. "साहेब यंत्र तपासायच्या आत मी काच पुसली."

मुंजाजीला त्याच्याकडं बघवेना. "का पुसलीत?"

"तुझी माणसं काठावर होती."

त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

मुंजाजी घरी आला तेव्हा पुरणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आश्रुबा शेजाऱ्यांना तीच हकिकत पुन्हा सांगत होता. धुरपताबाईनं नवऱ्यासाठी आपल्या बापाशेजारी पाट मांडला. मुंजाजी पाटावर बसला नाही.

"मामा, म्या काटा बघितला न्हवता. तुमच्याकडं बघत हुतो. न बघताच त्यास्नी खाली धाडलं."

आश्रुबाचा हात ताटावर थांबला. शेजारी एकेक करून उठून गेले. धुरपताबाई चुलीकडं तोंड करून उभी राहिली, पोळी तव्यावर करपली तरी.

आश्रुबानं विचारलं, "त्या मानसानं काई खाल्लं का?"

"म्या इचारलं न्हाई."

"त्ये बी न्हाई इचारलंस." म्हाताऱ्यानं ताट पुढं सरकवलं. "जा, त्यास्नी घिऊन ये. त्ये आल्याबिगर इथं कुनी जेवनार न्हाई."

मुंजाजी गेला. कासमभाई आधी नको म्हणाला, मग त्याच्या तोंडाकडं बघून अंगावर घोंगडी घेत उठला. दोघं नदीकाठानं निघाले. चार पावलं टाकली की कासमभाईला दम लागायचा. तो थांबला की मुंजाजीही मागं थांबायचा, त्याचा श्वास सावरेपर्यंत. आणि त्यानं पाऊल उचलल्याशिवाय आपलं उचलायचा नाही.